काडतुसावरचे बोटभर वंगण

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठचा भुईकोट किल्ला आज संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन फिरायला जाण्याची जागा आहे. मे १८१८ मध्ये मात्र या तटाभोवती धूर कोंदला होता. पेशव्यांची उरलीसुरली फौज इथे होती आणि समोर जनरल थॉमस मन्रो मद्रास फौजेच्या पलटणी घेऊन उभा होता. १० मे रोजी पेठेवर हल्ला झाला आणि १५ मे रोजी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. मन्रोच्या पलटणींमधले बहुतेक शिपाई आपल्याच देशातले. त्या दिवसांत त्यांच्यातल्या प्रत्येकाने एक गोष्ट शेकडो वेळा केली असेल. कमरेच्या पेटीतून कागदी काडतूस काढायचे, त्याचे टोक दातांनी तोडायचे, आतली दारू बंदुकीच्या नळीत ओतायची, वरून गोळी सोडायची आणि गजाने ठासायचे. दातांनी काडतूस तोडल्यामुळे कोणाचा धर्म बुडाला, अशी तक्रार झाल्याचे ऐकिवात नाही.

पुढे एकोणचाळीस वर्षांनी, १८५७ मध्ये, हीच कृती करायला शिपायांनी नकार दिला आणि त्या नकाराने एक साम्राज्य मुळापासून हादरले. दात तेच होते, कागदी काडतूसही जवळपास तसेच होते. मधल्या काळात भर पडली होती ती कागदावर फासलेल्या बोटभर वंगणाची.

सत्तावन्नच्या उठावाची कारणे अनेक होती. संस्थाने खालसा झाली होती, अवध गिळंकृत झाले होते, शिपायांचे भत्ते कापले गेले होते. शाळेच्या पुस्तकात ही यादी आपण पाठ केलेली असते आणि तिच्या शेवटी ‘तात्कालिक कारण : चरबीची काडतुसे’ असे एक वाक्य असते. त्या वाक्यापाशी आपण फारसे थांबत नाही. पण काडतुसाला वंगण लागते कशाला? ते कोणी निवडले? दुसरे काही मिळण्याजोगे नव्हते का? हे प्रश्न विचारले, की एका साध्या व्यवहारी निवडीची मोठी बोधप्रद कहाणी हाती लागते.

वंगण कशाला?

वंगण ही आपल्याला परकी वस्तू नाही. बैलगाडीच्या आसाखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले ज्यांनी पाहिले आहे, ती पिढी अजून गावोगावी आहे. दोन पदार्थ एकमेकांवर घासणार असतील, तर त्यांच्यामध्ये तिसरा एखादा मऊ, बुळबुळीत पदार्थ घालावा लागतो, एवढीच त्यातली मेख. गाडीला एरंडेल चालते, शिवणयंत्राला पातळ तेल लागते, पाटाच्या खाचेत अडकणाऱ्या सरकत्या दाराला मेणबत्तीचा तुकडाही पुरतो. कुठे काय चालेल हे कामावर अवलंबून.

मन्रोच्या शिपायांच्या ठासणीच्या बंदुकांना असे काही लागत नव्हते. त्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. तिचे तोंड सुमारे एकोणीस मिलिमीटर आणि गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर. मध्ये एवढी फट, की गोळी जवळजवळ आपल्या वजनानेच खाली उतरे. तोटा असा, की उडताना ती नळीत आपटत, धडपडत बाहेर पडे. शंभर पावलांपलीकडे नेम लागणे हा नशिबाचा भाग होता.

१८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल आली आणि हे चित्र पालटले. तिच्या नळीत तीन पेचदार खाचा होत्या. त्या खाचांत गोळी घट्ट बसून गरगर फिरत बाहेर पडली, की शेकडो पावलांवरचा नेम साधतो. पण घट्ट बसायचे म्हणजे फट ठेवून चालत नाही. या रायफलीची नळी आणि गोळी यांच्यात फरक होता जेमतेम पाव मिलिमीटरचा आणि तोही गोळीभोवतीच्या कागदाने भरून निघे. भर म्हणून त्या काळची काळी दारू. ती जळली, की तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग काजळी आणि क्षार होऊन मागे उरतो. चार-सहा बार झाले, की नळीत कढईच्या बुडाला धरावी तशी खरपूड धरते. कोरड्या हवेत ती दगडासारखी होते. मग पुढची गोळी आत उतरत नाही आणि ऐन लढाईत रायफल म्हणजे नुसती काठी होऊन बसते.

यावर उपाय वंगणाचा. काडतुसाच्या ज्या टोकाला गोळी, तेवढा कागद वंगणात बुडवून काढायचा. गोळी सहज उतरते आणि खरपूडही मऊ राहते. शिपायाने करायचे ते पूर्वीप्रमाणेच : काडतूस तोंडाशी न्यायचे, टोक दातांनी तोडायचे. फक्त आता त्याच कागदाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी तेलकट लागलेले होते.

पदार्थ तपासला, माणूस नाही

वंगण निवडताना इंग्रजी तज्ज्ञांनी काय काय पाहिले असेल? ते गोळीला चिकटून राहिले पाहिजे, थंडीत कडक होता कामा नये, उन्हात वितळून दारूत झिरपता कामा नये, भरपूर आणि स्वस्त मिळाले पाहिजे. इंग्लंडमध्ये या कसोट्यांवर हाताशी होती ती जनावरांची चरबी, तीत थोडे मेण घातलेली. मेणबत्त्या, साबण, गाड्यांचे आस, सगळीकडे तीच वापरली जाई. त्या देशातल्या शिपायाला तिच्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

हिंदुस्थानात हे वंगण टिकते का, हे पाहायला १८५३ मध्ये नमुन्याची काडतुसे इकडे पाठवली गेली. कलकत्ता, कानपूर आणि रंगून इथे ती शिपायांच्या पेट्यांत ठेवून हवामानाचा परिणाम तपासण्यात आला. चाचणी काटेकोर होती. फक्त ती वंगणाची होती, वापरणाऱ्याची नव्हती. बंगाल फौजेचे अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांना ही उणीव तेव्हाच जाणवली. जातिधर्माला बाध येईल असे काही या वंगणात नाही याची खात्री होईपर्यंत ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत, असे त्यांनी डिसेंबर १८५३ मध्येच लिहून कळवले. हा इशारा लष्करी मंडळाच्या कागदांत अडकला. पुढे तो कोणी वाचून अमलात आणला असता, तर इतिहासाच्या पुस्तकातले ते एक वाक्य कदाचित वेगळे झाले असते.

यानंतर कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये काडतुसे तयार होऊ लागली. चरबी पुरवण्याचे कंत्राट दिले गेले. कंत्राटात चरबी कोणत्या जनावराची हवी, कोणाची नको, याचा उल्लेखच नव्हता. स्वस्त चरबी म्हणजे खाटिकखान्यातून जी येईल ती. आक्षेपार्ह चरबी टाळण्याची खास काळजी घेतली गेली नव्हती, हे लष्करी अधिकाऱ्यांना जानेवारी १८५७ मध्ये स्वतःच कबूल करावे लागले. म्हणजे गाईची किंवा डुकराची चरबी मुद्दाम घातली, असे म्हणायला आधार नाही. आणि ती नव्हतीच, असे छातीठोकपणे सांगणेही कोणाला शक्य नव्हते. घात झाला तो याच ‘ठाऊक नाही’मुळे.

लोटाभर पाणी

बातमी फुटली ती कलकत्त्याजवळच्या दमदमला, जानेवारी १८५७ मध्ये. दारूगोळ्याच्या कोठारात काम करणाऱ्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने विटाळाच्या भीतीने नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला, लवकरच गाई-डुकरांच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडावी लागतील, मग तुमची जात कुठे राहील?

हा प्रसंग सगळ्या इतिहासांत येतो, पण त्यातल्या खलाशाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. चरबीत हात घालून काम करणाऱ्यांना त्याबद्दल काय वाटते, असे कोणी विचारले नव्हते. ना साहेबाने, ना शिपायाने. त्याला पाणी नाकारणाऱ्याच्या मनात स्वतःच्या तोंडाची चिंता होती. साहेबाच्या मनात बंदुकीच्या तोंडाची होती. तहान लागलेल्या माणसाचे तोंड कोणाच्याच हिशेबात नव्हते. सत्तावन्नचा वणवा पेटवणारी ठिणगी अशा दुहेरी अवमानातून उडाली, हे विसरून चालणार नाही.

दमदमच्या अधिकाऱ्यांनी ही कुजबुज ताबडतोब वर कळवली. सरकारनेही विलक्षण वेगाने हालचाल केली. २७ जानेवारीला हुकूम सुटला : काडतुसे कोरीच द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण आपल्या हाताने लावावे. मधमाशांचे मेण आणि तेल यांचे मिश्रण सुचवले गेले. मार्चमध्ये कवायतही बदलली. काडतूस दातांऐवजी बोटांनी तोडायला परवानगी मिळाली.

उपाय इतका सोपा होता! आणि तो तांत्रिकदृष्ट्या कमअस्सलही नव्हता. जनावराची चरबी साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास पातळ होऊ लागते. सोलापूरचा मे महिना ज्याने सोसला आहे, त्याला त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश म्हणजे काय हे सांगायला नको. मेण मात्र साठ अंश ओलांडल्याशिवाय वितळत नाही. या देशाच्या उन्हाला मेणच अधिक सोयीचे होते. पुढे खुद्द ब्रिटिश सैन्यानेही काडतुसावरच्या वंगणात मेणाचे प्रमाण वाढवले. म्हणजे शिपायांना जे चालले असते, तेच बंदुकीलाही मानवले असते. पण ते आधी विचारावे लागते.

नंतर विचारल्याने काय होते, ते पुढच्या तीन महिन्यांत दिसले. चरबी नाही म्हटल्यावर संशय कागदावर गेला. नव्या काडतुसाचा कागद चकचकीत होता. त्यातच चरबी मुरवली असणार, असे शिपाई म्हणू लागले. कोणी तो जाळून पाहिला, कोणी भिजवून पाहिला. २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने काडतुसे घ्यायचे नाकारले. ती तर जुन्या बंदुकांची जुनीच काडतुसे होती. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. २४ एप्रिलला मीरतच्या ९० घोडेस्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसाला हात लावला नाही. तीही जुन्या बनावटीची, बिनचरबीची होती. ९ मे रोजी त्यांच्या पायांत बेड्या पडल्या आणि दुसऱ्या दिवशी मीरत पेटले. चरबी लावलेली नवी काडतुसे प्रत्यक्षात फारच थोड्या शिपायांपर्यंत पोचली होती. पण एकदा विश्वास तुटला, की कोऱ्या कागदालाही चरबीचा वास येऊ लागतो.

ही वार्ता मराठी मुलखातही पसरली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षी चार पैसे मिळवायला उत्तरेकडे निघाले होते. वाटेत भेटलेल्या शिपायांच्या तोंडून त्यांनी काडतुसांची हकिकत ऐकली आणि आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली. ‘माझा प्रवास’ हे ते पुस्तक, १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलेले. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केला. त्याची कारणे काडतुसांपुरती नव्हती. पण उत्तरेतून येणाऱ्या बातम्यांनी हवा आधीच तापवलेली होती.

पितळी पुंगळीचे युग

दहा वर्षांत तंत्र बदलले आणि दातांचा प्रश्नच उरला नाही. १८६० च्या दशकात मागून भरायच्या रायफली आल्या, कागदाची जागा पितळेने घेतली. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना १९६४ चा.

पितळी पुंगळी आली म्हणून वंगणाची गरज मात्र संपली नाही, ती कारखान्यात शिरली. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असलेल्या पितळेच्या जाड चकतीची आधी वाटी होते आणि ती वाटी साच्यातून पुन्हापुन्हा खेचत लांब नळकांडे बनते. प्रत्येक खेचीला पितळ कडक होते, म्हणून ते मधूनमधून तावून मऊ करायचे. आमचे तांबट भांडे ठोकता ठोकता भट्टीत घालतात ते याचसाठी. साच्यात धातू धातूला चिकटू नये म्हणून साबणाच्या पाण्यासारखे वंगण लागते आणि काम झाले की ते धुऊन टाकावे लागते.

परदेशात नेमबाजीचा छंद असलेले कित्येक जण उडालेली पुंगळी फेकत नाहीत. ती साच्यात दाबून मूळ मापाला आणतात आणि पुन्हा भरतात. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा हा उद्योग घरात करून पाहण्याचा नाही. पण त्या लोकांचा एक वाद मोठा रंजक आहे : पुंगळीला वंगण कोणते लावावे? कमी पडले तर पुंगळी साच्यात रुतून बसते. जास्त झाले तर वंगणाला जायला जागा न मिळाल्याने पितळेला पोचे पडतात. पुसायचे राहून गेले तर ते दारू खराब करते किंवा बार उडताना रायफलीच्या खटक्यावर जादा दाब आणते. कोणी मेण वापरते, कोणी एरंडेल, आणि बऱ्याच जणांची पसंती असते लॅनोलिनला. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतले मेण. लोकर धुताना ते निघते, त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या धनगरांच्या हाताला ते रोज लागते.

पुंगळीवर काय लागते आणि तिच्या आसपास काय असते, याकडे दुर्लक्ष केल्याचा एक फटका याच देशाने इंग्रजांना दिला होता. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकू लागल्या. पावसाळा आला की तडा, म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूची तडक अशा अर्थाचे नाव पडले. घोड्यांच्या मुतातून हवेत मिसळणारा अमोनिया ताणाखाली असलेल्या पितळेला फोडतो, हा उलगडा १९२१ मध्ये झाला. कारखान्यात निर्दोष ठरलेली वस्तू वापराच्या जागी दगा देते, हा धडा धातूनेही पुन्हा एकदा शिकवला.

मागाजवळची शहाणीव

सोलापूरकराला हा धडा नवा वाटू नये. १८७७ ची जुनी गिरणी, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्यांनी आणि पद्मशाली समाजाच्या हातमागांनी हे शहर घडवले. मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर फणीत घासून धागा तुटतो. खळ म्हणजे सुताचे वंगणच. गिरण्यांच्या जमान्यात सूत मऊ राहावे म्हणून खळीत जनावरांची चरबी घालण्याची पद्धत इंग्लंडप्रमाणे इथेही होती आणि त्यावरूनही कुरबूर झाली. घोंगडी विणणाऱ्याने मात्र चिंचोक्याची खळ धरून ठेवली. ती झाडाखाली मिळते, धागा ताठ ठेवते आणि जे घोंगडे पूजेला बसायलाही अंथरले जाणार, त्यात कोणाला शंका घ्यायला जागा राहत नाही. घोंगडे कोणाच्या घरात जाणार हे त्याला आधीच माहीत असते, कारण तो त्याच गावात राहतो. कलकत्त्याच्या कोठारात बसून कंत्राट लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हते आणि विचारण्याची गरजही वाटली नाही.

हा प्रश्न १८५७ मध्ये संपला असे कोणी समजू नये. १९८३ मध्ये वनस्पती तुपात आयात केलेली चरबी मिसळल्याच्या प्रकरणाने आपला देश ढवळून निघाला होता. घरोघरी डबे संशयाने पाहिले गेले, ते अनेक वाचकांना आठवत असेल. २००१ मध्ये खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारी-मांसाहारी खुणेचा ठिपका बंधनकारक झाला. २०१६ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांची प्लास्टिकची नोट काढली आणि तिच्यात चरबीचा अंश असल्याचे उघड होताच तिथल्या शाकाहारी लोकांनी आणि हिंदू मंदिरांनी हरकत घेतली. बँकेने २०१७ मध्ये लोकांची मते मागवली. बहुतेकांनी चरबीला विरोध केला. तरी पर्यायी पाम तेलाचा पर्यावरणावरचा भार आणि खर्च ही कारणे जाहीरपणे देऊन बँकेने नोट तशीच ठेवली. तो निर्णय पटो न पटो, निदान पदार्थ कोणता हे सांगितले गेले आणि लोकांना विचारले गेले. रक्त सांडले नाही.

पाकिटावरचा तो इवलासा हिरवा ठिपका दुकानात आपण नकळत शोधतो. दहा वर्षांची मुलगीही बिस्किटाचा पुडा उलटून तो पाहते आणि मग आजीच्या हातात देते. त्या ठिपक्यात काही चव नाही की पोषण नाही. आत काय आहे, हे घेणाऱ्याला आधी सांगितले आहे, एवढीच त्याची किंमत. दमदमच्या कोठारात काडतुसांच्या पेट्यांवर असे काही लिहिण्याची सोय कोणी केली नव्हती.